भोक पडलेला फोटो

शेडच्या भिंतीवर मोजणीवाल्यांनी लाल खूण मारली तेव्हा कुठे या घराला आठवलं की आपल्याकडे इतिहास आहे. तोवर तो फुलांच्या क्रेटांखाली दबून होता आणि उंदीर तो निवांत खात होते. सिंहस्थासाठी रस्ता रुंद व्हायचा, त्यात शेड जायची, म्हणून मुंबईच्या एका संस्थेला फोन गेला. ते म्हणाले, सगळं आम्हाला द्या. फोटो, पोस्टर, कॅसेटी, अर्ज, काय असेल ते. आम्ही जपतो. जपतो म्हणणारं कुणी भेटलं की माणसं किती चटकन मोकळी होतात.

रविवारी सकाळी सगळे मखमलाबाद रोडला जमले. ही शेड रंगूबाईंच्या मळ्यातली, गुलाबाच्या पॅकिंगची. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यांची सून सुधा आणि मळ्यातली रंगूबाई, दोघींनी मिळून इथे ‘सोबतीण महिला केंद्र’ काढलं होतं. तेव्हा लोक हसले होते. भटाची सून आणि माळ्याची सून, दोघी मिळून गावाचे नवरे सुधारणार म्हणे. मग केंद्र चाललं आणि हसणाऱ्यांच्याच लेकी रडत यायला लागल्या. पुढे सुधाच्या विश्वेशने रंगूबाईंच्या शुभांगीशी लग्न केलं आणि दोन मैत्रिणींच्या विहिणी झाल्या. तिथेच ती मैत्री संपली. मैत्रिणी भांडतात आणि पुन्हा बोलतात. विहिणी भांडतच नाहीत. जपून बोलतात, आणि त्या जपण्यात सगळं मरून जातं.

विश्वेश कामाचं निमित्त काढून आला नव्हता. त्याची पोरगी स्वरदा मात्र आठवडाभर इथेच होती. दोन्ही आज्यांची ही एकुलती एक नात, एमएला शिकणारी. मुंबईच्या लोकांनी यादी करायचं काम तिच्याकडे दिलं होतं. तिने सतरंजीवर फोटो मांडले होते. एक आजी नाव सांगायची, दुसरी दुरुस्त करायची, आणि स्वरदा फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची. पेन वापरायचं नाही अशी मुंबईची सूचना होती.

सकाळ तशी बरी चालली होती. सुधाने एका मोर्चातल्या बाईला गंगापूरची म्हटलं की रंगूबाई म्हणायच्या, गंगापूरची नाय, ती एकलहऱ्याची, तिचा नवरा पावर हाऊसला होता आन् पगाराच्या दिवशी घरी येत नव्हता. सुधा हसायची. एका फोटोत फौजदार सुधापुढे हात जोडून उभा होता. त्याने खरं तर डास मारला होता, फोटो त्याच क्षणी निघाला, आणि केंद्राने तो वर्षानुवर्षं भिंतीवर मिरवला. दोघी हसून हसून खोकल्या. शुभांगीने चहा ओतता ओतता मान वर करून पाहिलं. आपल्या आईला आणि सासूला एकत्र हसताना तिने लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

मग भोकं पडलेले फोटो आले.

मोर्चाचे, शिबिराचे, सहलीचे. बायकांची रांग उभी आणि मधल्याच कुणाच्या मानेवर गोल भोक. केंद्राची ती रीत होती. तडजोड होऊन बाई नांदायला परत निघाली की सासरचे हटकून म्हणायचे, आमच्या सुनेचा फोटो तुमच्या त्या बायांमध्ये नको. सुधा त्यावर वाद घालायची नाही. नियम करून टाकला होता. बाईने स्वतःच्या तोंडाने मागितलं पाहिजे, दोन कार्यकर्त्या समोर पाहिजेत, आणि कापलेला चेहरा बाईच्याच हातात पडला पाहिजे. रंगूबाईंची गजऱ्याचा दोरा कापायची छोटी कात्री त्यासाठी असायची. बाया तो रुपयाएवढा चेहरा कागदात गुंडाळून पोलक्यात घालायच्या आणि जायच्या. सुधाला या नियमाचा अभिमान होता. सभांमध्ये ती तो सांगायची, टाळ्या पडायच्या. आता सगळे फोटो एका सतरंजीवर आले तेव्हा दिसत होतं ते असं की केंद्र चालवणाऱ्यांना चेहरे होते आणि जिच्यासाठी केंद्र होतं तिच्या जागी भोक.

स्वरदाला हे दिसलं नव्हतं असं नाही. पण तिला त्यात आणखी काहीतरी दिसलं होतं, शिकलेल्या माणसाला दिसतं तसं. तिने भोकांबद्दल मुंबईला सविस्तर मेल लिहिला. तिकडच्या तृप्ती मॅडम खुशीने वेड्या झाल्या. दुपारी त्या टेम्पो घेऊन सामान न्यायला येणार होत्या, पण पोस्टर त्यांनी आधीच पाठवलं. मोठ्या प्रदर्शनाचं पोस्टर. त्यासाठी त्यांनी निवडला होता हरसूलचा फोटो.

तो फोटो या घरात सगळ्यांना पाठ होता. केंद्राच्या अहवालांवर तोच छापायचे. हरसूलचा आठवडे बाजार, टेम्पोच्या हौद्यात उभी एक मुलगी, हातात कागद, खाली माणसांचा समुद्र. बायको टाकून दिलेल्या पुरुषांची नावं भर बाजारात वाचून दाखवायची, हे केंद्राचं काम. गावोगावचे पुरुष त्याला कोर्टापेक्षा जास्त भ्यायचे. मुलीचा ओढणी खोचलेला कुडता दिसतो, कागद धरलेली बोटं दिसतात. मानेवर भोक आणि भोकातून मागचं काहीच नाही.

“आत्या, हे बघ,” स्वरदाने फोन वल्लरीपुढे धरला. “कसलं भारी झालंय ना?”

वल्लरी, सुधाची मुलगी, उशिरा आली होती. आल्यावर कोपऱ्यात कॅसेटी खोक्यात भरत बसली, दाराकडे पाठ करून. दाराशी उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे वडील, वेणीमाधव, बसले होते. शुभांगीने त्यांना गाडीतून आणलं होतं. वल्लरीने त्यांना पाणी विचारलं नाही, बरे आहात का म्हटलं नाही. त्याचं कुणाला काही वाटलंही नाही; गेली कित्येक वर्षं असंच होतं. वडिलांच्या बायपासच्या वेळी ती दिवसभर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून राहिली होती आणि एकदाही वर गेली नव्हती.

तिने पोस्टर पाहिलं. फोटोखाली लिहिलं होतं: तिला चेहरा नाही, म्हणून ती प्रत्येक जण आहे.

“हे तू लिहिलंस?”

“मी सुचवलं, त्यांनी ठेवलं.”

“आणि खाली नाव?”

“अनोळखी कार्यकर्ती, हरसूल. सुधाआजी म्हणाली आठवत नाही.”

वल्लरीने फोन परत दिला. “मी आहे ती,” ती म्हणाली. “तिथे माझं नाव लिही.”

सुधाने सतरंजीवरून दुसरा फोटो उचलला आणि स्वरदापुढे धरला. पुढचा घे, वेळ होतोय, टेम्पो येईल, असं काहीतरी ती म्हणाली. स्वरदाने तो घेतला नाही. ती एकदा आत्याकडे बघत होती, एकदा आजीकडे. एकवीस वर्षांच्या आयुष्यात घरातल्या एकाही माणसाने तिला ही गोष्ट सांगितली नव्हती. अहवालांच्या कपाटासमोर बसून तिने जिच्यावर पानंच्या पानं लिहिली होती, ती बाई दर दिवाळीला तिच्यासाठी कंदील घेऊन येत होती.

“नाव नाही घालता येणार,” सुधा म्हणाली. “ज्यांचा चेहरा कापला त्यांचं नाव कुठेही द्यायचं नाही, हा आपला शब्द आहे. एकीसाठी मोडला तर सगळ्यांसाठी मोडेल. उद्या त्या बायकांच्या नाती येतील विचारायला.”

बोलणं बिनतोड होतं. सुधाचं नेहमीच बिनतोड असायचं. चांगला नियम हातात असला की माणसाला खोटं बोलायची गरज पडत नाही.

“शब्द मागणाऱ्या बाईला असतो,” वल्लरी म्हणाली. “मी मागितलं नव्हतं.”

“मागितलं होतंस. लग्न ठरत होतं तेव्हा. आता विसरलीस.”

“आई.”

“रंगूबाई समोर होत्या. विचार त्यांना.”

सगळ्यांच्या नजरा रंगूबाईंकडे गेल्या.

रंगूबाई एका उपड्या क्रेटवर बसल्या होत्या. गुडघे धरले होते, उठायला दोन माणसं लागायची. पण त्या दिवशी हरसूलला याच बाईने टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी उभं राहून वल्लरीचे पाय धरून ठेवले होते. कुणीतरी टोमॅटो मारला, मग दगड मारला, पोरगी वाचायची थांबली नाही, आणि रंगूबाईंनी घोटे सोडले नाहीत. वर्तमानपत्रात पोरीचा फोटो आला. रंगूबाईंचे हात त्यात होते, मनगटापर्यंत. अजूनही आहेत, कुणी नीट बघितलं तर.

आताही त्यांना एवढंच म्हणायचं होतं की हो, मागितलं होतं. इतकी वर्षं हेच म्हणत आल्या होत्या, म्हणजे गप्प राहत आल्या होत्या, एकूण एकच. तोंड उघडलंही. मग शुभांगी किटली घेऊन समोर आली आणि हळूच म्हणाली, “आई, खरं काय ते सांग.”

पोरीने तसं विचारलं नसतं तर कदाचित निभावलं असतं.

“नव्हती ती तिथं,” रंगूबाई म्हणाल्या. “पेपर होता का काय तिचा. भर दुपार. विहीणबाई आल्या, तवा विहीण नव्हत्या, सुधाताईच होत्या. म्हनल्या, रंगू, कात्री दे. म्या इचारलं, पोरगी कुठंय? तर म्हनल्या, तिला काय कळतंय.” त्या थांबल्या. “म्या दिली कात्री.”

“आणि चेहरा?” वल्लरीने विचारलं.

“त्यो हातातच व्हता त्यांच्या लय वेळ. मंग तिकडं टाकला.” त्यांनी शेडच्या मागच्या बाजूला हात केला. “झेंडूचा सडका माल व्हता. सांच्याला खड्ड्यात गेला.”

फोटो काढणाऱ्या संतोषच्या दुकानात पुढे गोदेचं पाणी शिरलं आणि निगेटिव्ह गेल्या. वर्तमानपत्राच्या कात्रणात छपाईच्या शाईने चेहऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका. म्हणजे तेवढा एकच होता, आणि तो खत झाला.

“तू का नाही बोललीस?” शुभांगीने विचारलं.

“तुझं जमू राहिलं व्हतं ना त्यांच्या घरी. इश्वेश रोज येऊ राहिला व्हता मळ्यात. लोक म्हनत व्हते, भटाच्या घरात माळ्याची पोर कोन घेतंय. म्हनलं, हितं तोंड उघडलं तर माझ्या पोरीचं हुकंल. त्या पोरीचं तोंड गेलं, तुझं लगीन झालं. आता इचारलं म्हनून सांगू राहिले.”

शुभांगी तशीच उभी राहिली. या घरातली आदर्श सून ती. सासूच्या प्रत्येक भांडणात सासूच्या बाजूने, नणंदेच्या विरुद्ध. वल्लरी सासर सोडून परतली तेव्हा ‘ताईंना जुळवून घेता येत नाही’ हे नातेवाइकांना हिनेच सांगितलं होतं, अगदी काळजीच्या सुरात. आता तिने किटली खाली ठेवली. सुधासाठी भरलेला कप उचलला आणि तो वल्लरीला नेऊन दिला. मग तिच्याच शेजारी खोक्यावर बसली.

“आई, मी तुमच्याकडे बघून या घरात आले होते,” ती सुधाला म्हणाली. “मुलगा बघून नाही.”

सुधाला हे सगळं ऐकू येत होतं आणि त्याच वेळी चिवड्याची बशी दिसत होती. पुण्याची ती बाई, वल्लरीची होणारी सासू, चिवडा खाता खाता म्हणाली होती, “पेपरात वगैरे फोटो येतात का हो तुमच्या मुलीचे?” धमकी नव्हती. साधा प्रश्न होता, गोड आवाजातला. फौजदारांच्या टेबलावर हात आपटणारी सुधा हसली आणि म्हणाली, “छे हो.” बस, एवढंच. परक्यांच्या सासवांना ती उभं जाळायची. स्वतःच्या मुलीच्या सासूपुढे तिच्या तोंडून ‘छे हो’ निघालं, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती ‘छे हो’ खरं करायला शेडवर आली.

“लग्न मोडलं असतं,” ती आता म्हणाली.

“मग मोडलंच की.”

“तेव्हा मोडलं असतं तर गावाने म्हटलं असतं, बघा, दुसऱ्यांची घरं फोडते आणि हिच्या मुलीला घर मिळत नाही. केंद्रात बाया यायच्या बंद झाल्या असत्या. मी एकट्या तुझा विचार करून कसं चाललं असतं?”

हे खोटं नव्हतं, हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चळवळीतल्या माणसाकडे नेहमी एक मोठं कारण असतं, आणि घरातली लहान माणसं त्याच्याखाली सापडतात.

वल्लरीने कप हातात धरला होता, प्यायली नव्हती. तिला तो अहवाल पोस्टाने पुण्याला आला तो दिवस आठवत होता. मुंबईच्या कुणा डिझायनर बाईंनी ढिगातून नेमका हा फोटो उचलून मुखपृष्ठावर घेतला होता. किती बोलका आहे म्हणाल्या होत्या, आणि सुधाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. पुण्याच्या घरात नवऱ्याने पाकीट फोडलं, पाहिलं आणि हसला. “तुझ्या आईकडची ही बिनडोक्याची कोण गं?” सासूसुद्धा हसली. आणि ती, जिने हरसूलच्या बाजारात दगड अंगावर येत असताना कागद संपेपर्यंत वाचला होता, ती म्हणाली, “माहीत नाही.” त्या दिवसानंतर त्या घरात तिने कशालाच ‘हे माझं’ म्हटलं नाही. मग निघून आली तेव्हा बरोबर आणण्यासारखंही काही नव्हतं.

अहवाल आला त्याच रात्री तिने आईला फोन केला होता. कुणी कापला, एवढंच विचारलं. सुधा म्हणाली होती, “तुझ्या बाबांचा स्वभाव तुला माहितीय.”

आता वल्लरी उठली आणि दारापर्यंत गेली. किती तरी वर्षांनी ती वडिलांच्या समोर उभी होती, आणि त्यांनी ऊन डोळ्यावर येतं म्हणून हात आडवा धरून वर पाहिलं.

“तुम्ही सांगितलं होतं का आईला? कापायला?”

वेणीमाधवांना बोलायची घाई कधीच नव्हती. आयुष्यभर रामकुंडावर यजमानांची कुळं सांगितली. कुणाचा पणजा कधी आला, कुठल्या गावचा, कुणाच्या अस्थी घेऊन, सगळं वहीत. एकदा एक व्यापारी, घराबाहेर काढलेल्या मुलाचं नाव वहीतून खोडा म्हणून पैसे घेऊन आला होता. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. त्यांच्या घरात लिहिलेल्या नावावर आडवी रेघ मारत नाहीत, अगदी खुन्याच्यासुद्धा. त्यांना बाईमाणसाचं टेम्पोत चढून ओरडणं आवडलं होतं असंही नाही. तो फोटो पेपरात आला तेव्हा दोन दिवस घाटावर लोक बोलले आणि त्यांना खाली मान घालावी लागली. पण कापायचं त्यांच्या मनातही आलं नसतं.

“मला ते अहवाल छापून आला तेव्हा कळलं,” ते म्हणाले. “तुझ्यासारखंच.”

“मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं मी तुमच्याशी…”

“तुझी आई गावात ताठ मानेने फिरायची. बायका तिच्याकडे बघून घराबाहेर पडायच्या. घरात कुणीतरी एक वाईट असावा लागतो. मी दिसायला तसा होतोच.”

“तुम्हाला मी परत यावं असं वाटलं नाही?”

“वाटायचं,” वेणीमाधव म्हणाले. “पण आईला सोडून तू माझ्याकडे आली असतीस. ते कसं चालेल?”

आत सुधाने हे ऐकलं. नवरा आपल्यासाठी काही करतोय हे तिला ठाऊक होतं. काय करतोय हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. तिला वाटायचं, या माणसाने आपल्याला आयुष्यभर नुसतं सहन केलं. तिने व्याख्यानांमध्ये, नाव न घेता, अशा नवऱ्यांची उदाहरणंही दिली होती. ऐकणाऱ्या बायका हसायच्या. हे तेव्हा कधीतरी पहिल्या रांगेत बसलेले असायचे, तिला घरी न्यायला आलेले, आणि तेही हसायचे.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. तृप्ती मॅडम पुढच्या सीटवरून उतरल्या, सगळ्यांना हात जोडत आत आल्या, जागा किती सुंदर आहे म्हणाल्या आणि खोकी मोजायला लागल्या. हमाल खोकी उचलू लागले. स्वरदाने हरसूलचा फोटो हातातच धरून ठेवला होता. त्याच्या पाठीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं ‘अनोळखी कार्यकर्ती’ तिने खोडरबराने पुसलं.

“लिही,” सुधा म्हणाली. “वल्लरी. आडनाव आमचं लिही, माहेरचं.”

वल्लरी दाराशी वळली. “नको.”

“हेच मागत होतीस ना?”

“सकाळी मागत होते. आता फोटोत कोण आहे ते राहू दे.” ती शांत बोलत होती, आणि तिचा हात वडिलांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. “कापलं कुणी ते लिही. तुझ्या हाताने.”

एवढं बोलून ती वाट बघत उभी राहिली असती तर सुधाला बरं वाटलं असतं. ती उभी राहिली नाही. वडिलांना म्हणाली, चला, ऊन लागतंय. आणि त्यांचा दंड धरून पायरी उतरवायला लागली. आजवर हे शुभांगी करायची. तिला अंदाज नव्हता, तिने दंड फार वर धरला, म्हातारा एका बाजूला कलला. त्यांनी काही म्हटलं नाही, स्वतःच तोल सावरला.

सुधा सतरंजीवर बसली. पेन मागितलं. स्वरदा म्हणाली, “आजी, पेन्सिलच. पेनाची शाई पुढे फुटते.”

“पेन्सिल पुसता येते.”

“हो. पण नियम आहे.”

सुधाने पेन्सिल घेतली. हजारो अर्ज तिने लिहिले होते, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून. कुणी काय केलं, कधी केलं, कुणादेखत केलं. तिचा हात त्यात तयार होता. तरी पहिलं वाक्य तिने ‘चेहरा कापण्यात आला’ असं सुरू केलं. मग थांबली आणि तेवढं खोडलं. खाली लिहिलं: ‘हा चेहरा मी, सुधाने, कापला. मुलीने मागितला नव्हता. तिला विचारलं नाही. वडिलांनी सांगितलं असं तिला वाटू दिलं.’

“खाली माझंबी लिव्ह,” क्रेटवरून रंगूबाई म्हणाल्या. “कात्री रंगूबाईची, आन् गप बसली तीबी रंगूबाईच.”

सुधाने तेही लिहिलं. लिहिताना ‘रंगू’ असंच लिहिलं, बाई लावायची विसरली, आणि रंगूबाईंनी ते वाचता येत असूनही दुरुस्त केलं नाही.

तृप्ती मॅडमनी फोटो हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा आधी उजळला, मग वाचता वाचता बदलला. वाईट बाई नव्हती ती. तिने दोनदा वाचलं. मग अगदी अदबीने म्हणाली की फार महत्त्वाचं आहे हे, फार धाडसाचं आहे, संग्रहात जाणारच. पण पोस्टरचं मात्र आता अवघड होईल, समितीला विचारावं लागेल. “कसं आहे ना मॅडम, आधी तो प्रत्येकीचा फोटो होता. आता तो थोडा… घरगुती होतो.”

नाशकातल्या एकूण एक पोलीस चौकीत सुधाने हा शब्द ऐकला होता. घरगुती बाब आहे बाई, घरी जा. त्या शब्दावर तिने खुर्च्या उलथल्या होत्या, उपोषणं केली होती. आज तिला तो शब्द उलथवता येईना. तिने स्वतःच तो आधी वापरला होता, फक्त मोठ्याने उच्चारला नव्हता.

“घरगुतीच आहे,” ती म्हणाली. “लावलं तर हेच लावा, पाठीमागचं सुद्धा. नाहीतर नका लावू.”

तृप्ती मॅडमनी मान हलवली. ती हो होती की नाही हे कुणाला कळलं नाही.

सुधा उठली आणि दाराशी गेली. खुर्ची रिकामी होती. “वल्लरी?”

“रिक्षाने गेल्या ताई. बाबांना घेऊन,” शुभांगी म्हणाली. “स्कूटर इथेच आहे त्यांची.”

“तिने वाचलं?”

“नाही.”

स्वरदाने फोटो लखोट्यात घालण्याआधी फोन काढला. “आजी, पाठीचा फोटो काढून पाठवू आत्याला? म्हणजे रिक्षातच बघेल.”

“पाठव,” सुधा म्हणाली आणि लगेच तिने नातीचं मनगट धरलं. “थांब. असं नको. आधी विचार तिला.”

स्वरदाने लिहिलं: आत्या, आजीने लिहिलंय. बघायचंय का? पाठवलं. दोघी फोनकडे बघत उभ्या राहिल्या, मागून रंगूबाईही शुभांगीच्या आधाराने येऊन उभ्या राहिल्या. खुणा निळ्या झाल्या. म्हणजे वाचलं होतं.

टेम्पोवाल्याने विचारलं, अजून काही राहिलंय का. स्वरदाने लखोटा शेवटच्या खोक्यात ठेवला. त्याने फाळका वर करून खटक्या लावल्या. फोन हातात तसाच होता. उत्तर आलं नव्हतं.